जुन्या टाकीचा टंग ड्रम करायचाय? टेम्प्लेट बाजूला ठेवा, आधी पत्र्याची जाडी मोजा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: घरी पाच किलोचा जुना गॅस सिलिंडर पडून आहे, त्याचा हँग ड्रम करायचाय, चार इंची ग्राइंडर आहे, वेल्डिंग येत नाही, नेटवरून जिभांचं टेम्प्लेट उतरवून प्रिंट काढून ठेवलीय, ती चिकटवून रेषेवरून कापलं तर सूर बरोबर लागतील का, आणि स्केल कुठला ठेवू.

सूर लागणार नाहीत, आणि तो सिलिंडर कापू नका. दोन्हीची कारणं सांगतो आणि मग त्याऐवजी काय करायचं तेही सांगतो. थोडं लांबेल, कारण हे दोन ओळीत सांगितलं की लोक अर्धंच वाचतात आणि मग फोटो पाठवतात की दादा सगळे सूर खाली गेले, आता काय करू. मी कोल्हापूरजवळ शिरोलीला फॅब्रिकेशन करतो, पोटापाण्याला टाक्या, हॉपर, गेट, आणि हौस म्हणून हे ड्रम. म्हणजे लोखंडाचं जे सांगतोय ते शेडमधलं आहे, संगीतातलं माझं ज्ञान पेटीवर भजनाला साथ करण्यापुरतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. तुम्ही हँग म्हणताय ते वेगळं वाद्य. ते २००० साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नला पानआर्ट नावाच्या वाद्यं बनवणाऱ्या मंडळींनी काढलं, त्यात पत्रा कापत नाहीत, हातोड्याने ठोकून ठोकून एकेका स्वराची जागा अशी तयार करतात की तिच्यात मूळ सूर, त्याचा वरचा सा आणि त्याच्याही वरचा पंचम असे तिन्ही एकदम बोलतात. ते काम घरी बसून होणारं नाही, त्याचा नाद सोडा. तुम्हाला हवाय तो टंग ड्रम, म्हणजे पत्र्यात इंग्रजी यू सारखा काप मारून जीभ मोकळी करायची आणि ती वाजवायची. गॅसच्या टाकीपासून हा प्रकार अमेरिकेत मिशिगनच्या डेनिस हॅवलेना या माणसाने २००७ च्या सुमारास केला, वीस पौंडी प्रोपेनच्या टाकीच्या बुडाला जिभा कापल्या, त्याला हँक ड्रम नाव दिलं आणि कृती सगळ्यांना फुकट देऊन टाकली. नेटवर टाकी कापण्याचे जे शंभर व्हिडिओ दिसतात त्यातले बहुतेक त्याच कृतीचे वंशज आहेत. आणि गडबड इथेच होते, कारण ती टाकी तिकडची, तिची जाडी तिकडची, आणि तिकडे माणूस दुकानातून कधी गॅस न भरलेली नवी कोरी टाकी विकत आणून कापतो.

आपल्याकडचा लाल १४.२ किलोचा सिलिंडर तुमचा नसतोच, तो कंपनीचा असतो, तुम्ही फक्त डिपॉझिट भरलेलं असतं. छोट्यांची भानगड थोडी वेगळी असते पण मालकी कुणाचीही असो, माझं म्हणणं तेच राहतं. रिकामा म्हणजे रिकामा नसतो. व्हॉल्व्ह उघडून फुस्स आवाज बंद झाला की आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला एवढंच, आत गॅस भरलेलाच आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, तो वर उठून निघून जात नाही, बुडाशी बसून राहतो, आणि हवेत साधारण दोन ते नऊ-दहा टक्के मिसळला की ठिणगीची वाट बघतो. ग्राइंडर म्हणजे तर ठिणग्यांचा फवाराच. शिवाय आत तळाला तेलकट थर असतो, तो पत्रा तापला की परत वाफ सोडतो, म्हणजे आठवडाभर उघडा ठेवला होता हो, हे कारण चालत नाही. काही लोक पाण्याने गळ्यापर्यंत भरून कापतात, ती पद्धत आहे, पण ती ज्याने आधी दहा टाक्या कापल्यात त्याच्यासाठी, पहिल्यांदा ग्राइंडर धरणाऱ्यासाठी नाही. तुमचा सिलिंडर डीलरकडे परत करा, कागद असतील तर थोडे पैसेही येतील.

मग टाकी कुठली घ्यायची. हे तुमच्या गावात काय मिळतं त्यावर आहे, पण माझी पहिली पसंती ट्रक-बसच्या एअर ब्रेकची टाकी. हवेची टाकी आहे, आत पेटणारा गॅस नसतो, असलं तर पाणी, गंज आणि कंप्रेसरचं थोडं तेल. खालचा ड्रेन कॉक उघडून हवा सोडून द्यायची, आत डिटर्जंटचं गरम पाणी घालून खळबळून ओतायचं की झालं. पत्रा अडीच-तीन मिमी, दोन्ही टोकांना फुगीर झाकणं, त्याला आम्ही डिश एंड म्हणतो, आणि आपल्याला खरं तर तेच पाहिजे असतं. वाहनं तोडणाऱ्या भंगारवाल्याकडे मिळते, पुण्यात जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याला, आमच्याकडे हायवेच्या कडेला, आणि किलोच्या भावाने मिळते. व्यास शक्यतो ३० सेमीच्या जवळपासचा बघून घ्या, २० सेमीवाल्यात आठ जिभा मावत नाहीत. छोट्या एअर कंप्रेसरची टाकीही चालते, फक्त जुनी असेल तर बुडाला आतून गंजून पातळ झालेली असते, हातोडीने टकटक करून बघा, आवाज बद्द आला तर ते टोक सोडून दुसरं टोक वापरा.

दुसरा पर्याय एसी-फ्रिजवाल्यांकडचा, गॅस चार्ज करायचा डिस्पोजेबल सिलिंडर, फिकट निळा, हिरवा वगैरे रंगाचा, त्यांच्याकडे रिकामे पडूनच असतात. दिसायला अगदी तयार ड्रम, आकारही मस्त. पण पत्रा जेमतेम एक मिमी, त्यामुळे आवाज पातळ आणि सूर लवकर मरतो. घ्यायचाच असेल तर मेकॅनिककडूनच उरलेला गॅस त्याच्या मशीनमध्ये ओढून घ्या, हवेत सोडायला लावू नका, आणि व्हॉल्व्ह काढून द्यायला सांगा. त्याच्या जवळ गॅस कटर किंवा वेल्डिंगची ज्योत अजिबात नको, कारण यातले काही गॅस (आर-३२, आर-२९०, आर-६००ए) पेटतात, तसला सिलिंडर घेऊच नका, आणि न पेटणाराही ज्योतीत तापला की त्याचा विषारी गॅस होतो.

आग विझवायच्या लाल सिलिंडरचा व्यास कमी पडतो. ऑइलच्या दोनशे लिटरच्या बॅरलचं झाकण म्हणाल तर ते सपाट आणि अठरा गेजच्या आसपास, जीभ कापली की डबा वाजल्यासारखा आवाज. बॅरलचं खरं वाद्य होतं ते त्रिनिदादच्या पद्धतीने. तिथे इंग्रजांनी कातड्याच्या ढोलांवर बंदी घातली तेव्हा लोक बांबू आपटून वाजवायला लागले, मग बिस्किटाचे डबे, पेंटचे डबे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तेलाची बॅरलं. १९५१ साली त्यांचा ताफा लंडनला जाऊन वाजवून आला तेव्हा जगाला कळलं की भंगाराचं काय होऊ शकतं. पण तेही हातोडीचं काम, बॅरलचं बूड आत खोल ठोकत नेऊन त्यात स्वर काढायचे. तुमच्या ग्राइंडरचा तिथे फक्त बॅरल आखूड करायला उपयोग.

आता मूळ मुद्दा, टेम्प्लेट का चालत नाही. जिभेचा सूर दोन गोष्टींनी ठरतो, पत्र्याची जाडी आणि जिभेची लांबी. जाडी सरळ हिशोबात चालते. दोन मिमीची जीभ सा वाजवत असेल तर तेवढ्याच लांबीची तीन मिमीची जीभ बरोबर प वाजवेल, दीडपट जाडी, दीडपट कंपनं. लांबी मात्र वर्गाच्या हिशोबात चालते आणि उलटी. जीभ लांब झाली की सूर उतरतो, आणि झपाट्याने उतरतो. एका सप्तकाचा फरक पाडायला लांबी निम्मी करावी लागत नाही, सत्तर टक्के केली की पुरे. अर्ध्या स्वरासाठी, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या पट्टीसाठी, लांबीत फक्त तीन टक्के फरक लागतो. तार सा ची, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा ची, साडेसहा सेमीची जीभ धरा, तिच्यात काप एक मिमी जास्त गेला तर पाव स्वर गेला. ग्राइंडरची डिस्क एका झटक्यात तीन मिमी जाते. आता प्रिंट चिकटवून कापायचा विचार करून बघा. रुंदीचा तसा फारसा संबंध नाही, फक्त टोकाला रुंद केली तर वजन टोकाला जातं आणि सूर उतरतो, म्हणून काही जण टोक वल्ह्यासारखं रुंद ठेवतात, कमी जागेत खालचे स्वर बसवायला.

म्हणून जाडी मोजायची, आणि व्हर्नियर कॅलिपरनेच मोजायची, टाकीवर लिहिलेल्या आकड्यावर किंवा भंगारवाल्याच्या चौदा गेज आहे साहेब यावर जाऊ नका. चौदा गेज दोन मिमी, बारा गेज दोन पॉइंट सहा, दहा गेज सव्वातीन. व्हॉल्व्ह काढलेल्या भोकाची कड जाड असते, तिथे मोजायचं नाही, टाकी कापल्यावर कापलेल्या कडेवर चार ठिकाणी मोजायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जिभेचा सूर स्वस्तात एकाच दिशेला जातो, खाली. काप पुढे नेला, जीभ लांब झाली, सूर उतरला. वर चढवायचा असेल तर टोक कानसून हलकं करायचं, त्याने थोडाफार चढतो, नाहीतर कापाच्या शेवटी वेल्डिंगचा टाका मारून जीभ आखूड करायची, आणि वेल्डिंग तुम्हाला येत नाही. शिंप्याकडे कापड आखूड कापलं गेलं की कपडा वाया गेला, इथे उलटं, जीभ आखूड राहिली तर काम शिल्लक आहे, लांब गेली तर संपलं. म्हणून सगळ्या जिभा मुद्दाम आखूड कापायच्या आणि हळूहळू सुरात उतरवायच्या.

किती आखूड? तीन मिमी पत्रा आणि सा पांढरी दोनचा (पेटीची दुसरी पांढरी पट्टी, इंग्रजी डी) धरून मी कागदावरची लांबी देतो. मंद्र प (खालच्या सप्तकातला), म्हणजे २२० हर्ट्झ, सेकंदाला २२० कंपनं, १०.६ सेमी. मंद्र ध १० सेमी. सा ९.२, रे ८.७, ग ८.२, प ७.५, ध ७.१ आणि तार सा ६.५. पत्रा अडीचच्या वर, बारा गेजचा असेल तर या सगळ्यांना ०.९३ ने गुणा, दोन मिमी असेल तर ०.८२ ने. एक मिमीच्या एसीवाल्या सिलिंडरला ०.५८ ने, म्हणजे मंद्र प ची जीभसुद्धा सहा सेमीच्या आसपास येते, आता कळलं असेल तो आवाज पातळ का. हे आकडे जीभ मुळाशी अगदी घट्ट धरलेली आहे असं मानून काढलेले आहेत. खऱ्या टाकीत मूळ थोडं हलतं त्यामुळे सूर खाली येतो, आणि पत्र्याला गोलाई असते त्यामुळे थोडा वर जातो, कुठलं जास्त ते टाकीवर अवलंबून. त्यामुळे या लांबीच्या ८५ टक्क्यांवर थांबायचं. तेव्हा सा ची जीभ तीव्र मध्यमाच्या आसपास काहीतरी वाजेल, घाबरू नका, तसंच पाहिजे.

कापायची रीत. जिभांची टोकं मध्याकडे आणि मुळं बाहेरच्या कडेकडे. क्रम असा लावा की लागोपाठचे स्वर समोरासमोरच्या बाजूला येतील, सा उजवीकडे, रे डावीकडे, ग उजवीकडे, म्हणजे दोन हातांनी आलटून पालटून वाजवता येतं. खडूने आखून, टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांवर पंच मारून चार-पाच मिमीचं भोक पाडा, जिगसॉचं, म्हणजे विजेच्या उभ्या करवतीचं, ब्लेड तिथून आत जाईल. मुळाच्या बाजूला भोक पाडू नका, बरेच जण पाडतात चीर पुढे जाऊ नये म्हणून, पण त्या भोकाने लांबी आधीच ठरून जाते आणि ट्यूनिंगला जागा उरत नाही. ग्राइंडरला एक मिमीची कटिंग डिस्क लावा, पण लक्षात ठेवा डिस्क गोल आहे, वरून काप जेवढा दिसतो तेवढा खालून झालेला नसतो, त्यामुळे ग्राइंडर शेवटच्या सेमी-दीड सेमीपर्यंतच न्यायचा, पुढचं काम जिगसॉला लोखंडाचं बायमेटल ब्लेड लावून किंवा सरळ हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडला कापड गुंडाळून हाताने. हाताने कंटाळा येतो खरा, पण हाताने कापताना सूर उतरताना ऐकू येतो आणि थांबता येतं.

दोन्ही बाजूचे काप बरोबरीने न्या. एक बाजू पुढे गेली की जीभ पीळ खाते आणि एकाच जिभेतून दोन सूर भांडल्यासारखे येतात. दाबून आकार दिलेल्या पत्र्यात ताण अडकलेला असतो, त्यामुळे कापताना एखादी जीभ एक-दोन मिमी वर उचलली जाते किंवा डिस्कला चिमटा घेते. उचलली तर कापल्यावर हाताने दाबून बसवा. चिमटा घेतला तर ग्राइंडर उसळतो, म्हणून गार्ड काढायचा नाही, टाकी मांडीवर नाही तर जुन्या टायरमध्ये बसवून कापायची, आणि डोळ्यांवर गॉगल आणि वर फेस शिल्ड दोन्ही. शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवायचे असतील तर दुपारी दोन ते चार करू नका.

ट्यूनिंग. फोनवर कुठलंही ट्यूनर अॅप चालेल. ज्या जिभेचा सूर बघताय ती सोडून बाकीच्यांवर हात ठेवा, नाहीतर शेजारचीही गुणगुणते आणि अॅप गोंधळतं. रबराने हळू मारा, जोरात मारलं की वरचा कर्कश सूर येतो, जिभेचा दुसरा कंप मूळ सुराच्या सव्वासहापटीच्या आसपास असतो, त्याचं मूळ सुराशी काही नातं नाही, अॅपला तोच ऐकू गेला तर भलताच स्वर दाखवतं. कापून लगेच मोजू नका. पत्रा गरम असतो तेव्हा सूर उतरलेला असतो, गार झाला की चढतो. हे चुकलं तरी बिघडत नाही, परत कापावं लागतं एवढंच.

बिघडतं ते दुसऱ्या एका गोष्टीने, आणि ती कुठल्या व्हिडिओत धड सांगितलेली मी तरी पाहिलेली नाही. पहिली जीभ तुम्ही अगदी सुरात आणून ठेवली आणि मग शेजारच्या दोन कापल्या, की पहिली खाली जाते. शेजारी चिरा पडल्यामुळे तिच्या मुळाशी असलेलं लोखंड आता तेवढं ताठ राहिलेलं नसतं. म्हणून एकेक जीभ पूर्ण करत पुढे जायचं नाही. आधी आठही ८५ टक्क्यांवर, मग सगळ्यांना एक फेरी देऊन प्रत्येक सूर हव्या त्या स्वरापेक्षा अर्धा स्वर चढा ठेवा, मग दुसऱ्या फेरीत पाव स्वर, आणि शेवटची फेरी ब्लेड नाही, पातळ कानस, कापाच्या मुळाकडच्या टोकाला. ही शेवटची फेरी एका बैठकीत उरकायला जाऊ नका, रात्री ठेवून सकाळी परत ऐका, कान ताजे असतात आणि पत्राही.

इथपर्यंतचं परत एकदा सांगतो कारण इथेच लोक घाई करतात: एअर ब्रेकची टाकी, कापलेल्या कडेवर जाडी, लांबी हिशोबाच्या ८५ टक्के, आठही बरोबरीने खाली आणायच्या, आणि शेवट कानशीने.

स्केलचं म्हणाल तर पाच स्वरांचाच ठेवा, आणि पहिल्या ड्रमला भूप राग. वर दिलेल्या लांब्या भूपाच्याच आहेत, सा रे ग प ध. कारण असं की एक जीभ वाजवली की शेजारच्याही थोड्या थोड्या जाग्या होतात, सगळे एकाच पत्र्याला जोडलेले आहेत ना. भूपात अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे दोन स्वर कुठेच नाहीत, त्यामुळे जे काही गुणगुणेल ते गोडच लागतं. सात स्वरांचा केलात तर ग-म आणि नि-सा एकमेकांत घुसतात. आणि लहान पोरांनी कसंही बडवलं तरी भूप भूपच वाजतो, हा फायदा घरात फार मोठा. मालकंस, दुर्गा, हंसध्वनीही होतात. पण भूप केलात तर एक गंमत फुकट मिळते, ग च्या जिभेच्या टोकाला छोटा निओडिमियम चुंबक चिकटवा, दोनेक ग्रॅमचा, जुन्या हार्डडिस्क-इअरफोनमधला नको, बाजारात शर्टाच्या बटणाएवढे मिळतात ते. वजनाने ग उतरून कोमल ग होतो आणि भूपाचा शिवरंजनी होतो. चुंबक टोकाकडून मुळाकडे सरकवत गेलं की सूर बारीक बारीक चढतो, त्यामुळे जागा सापडली की मार्करने खूण करून ठेवायची. एखादी जीभ किंचित चढी राहिली आणि आता कापायचा धीर होत नाहीये, तर तिथेही हाच उपाय, आतल्या बाजूने लावला की दिसतही नाही.

तानपुऱ्याच्या अॅपसोबत वाजवायचा विचार असेल तर अजून एक. ट्यूनर दाखवतो तो ग पेटीचा ग आहे, तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या ग पेक्षा १४ सेंट चढा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). ग च्या जिभेवर हे अंतर एक तृतीयांश मिमी आहे, म्हणजे दोन्ही बाजूला कानशीचे चार हात. पेटी, कीबोर्ड, गिटार यांच्यासोबत वाजवणार असाल तर ट्यूनरप्रमाणे ठेवा. हे आधी ठरवा, कारण खाली आणता येतो, परत वर नाही.

आता खालची बाजू. एअर टाकीची लांबी फार असते, तेवढी नको. दोन्ही टोकांपासून दहा-बारा सेमीवर कापून मधला नळकांड्याचा भाग काढून टाका आणि दोन्ही टोकं जोडून घ्या, हे एक वेल्डिंग कुठल्याही गेट-ग्रिलवाल्याकडून करून घ्या, पण जिभा कापायच्या आधी, नंतर वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि सूर हलतात. वेल्डिंग नकोच असेल तर एकच टोक ठेवा आणि खाली बारा मिमी प्लायची चकती एल क्लॅम्पने बसवा, आवाज थोडा कोरडा येतो पण चालतं. खाली मध्यभागी भोक पाहिजेच, बंद टाकीत आवाज कोंडतो. सहा-सात सेमीने सुरुवात करा, वाजवून बघा, मग वाढवा. भोक मोठं केलं की आतल्या हवेचा घुमारा वर सरकतो, लहान असताना खाली असतो, कुठे थांबायचं ते तुमच्या कानावर. पाय म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या काठीला लावतात ते रबरी बूट मस्त, तीन पुरे, कडेला लावा.

वाजवल्यावर झिणझिण असा आवाज आला तर आधी बर बघा, कापाच्या कडेला राहिलेलं बारीक धारदार लोखंड समोरच्या कडेला लागत असतं. कापातून व्हिजिटिंग कार्ड फिरवा, अडेल तिथे कानस मारा. ही धार बोटंही कापते, त्यामुळे आवाज येत नसला तरी सगळ्या कडा मोडाच.

रंग शेवटी, पण फायनल ट्यूनिंगच्या आधी. जुना रंग वायर ब्रशने काढून टाका, मास्क लावून. नवीन रंगाचं वजन जिभेवर बसतं आणि सूर थोडा उतरतो, पावडर कोटिंगने तर चांगलाच. मी पातळ क्लिअर लॅकर मारतो किंवा नुसतं शिलाई मशीनचं तेल पुसतो. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर नुसत्या तेलावर जाऊ नका, एका पावसाळ्यात गंज कापात शिरतो.

वाजवायला लाकडी काठी नको, टक टक येतं नुसतं. बांबूच्या काडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा, किंवा पोरांच्या उसळ्या मारणाऱ्या रबरी चेंडूला भोक पाडून काडी बसवा. मऊ रबराने खालचे स्वर खुलतात, कडक रबराने वरचे, त्यामुळे दोन जोड्या करा.

आणि हे सगळं वाचून वाटलं की एवढा उपद्व्याप नको, तर त्याच ग्राइंडरवर नलतरंग करा. आपल्याकडचंच वाद्य आहे, मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी बंदुकांच्या नळ्या कापून त्यांच्या बँडसाठी केलं होतं, याहून मोठं भंगारातलं वाद्य कुठलं. तुम्हाला प्लंबरकडचे अर्ध्या इंची जीआय पाइपचे तुकडे पुरतील. साधारण ५२ सेमीचा तुकडा ४४० हर्ट्झच्या जवळपास वाजतो. इथे नियम उलटा आहे बरं का, पाइप कापला की आखूड होतो आणि सूर चढतो, त्यामुळे इथे लांब ठेवून सुरुवात करायची. पाइप टेकवायचा तो दोन्ही टोकांपासून लांबीच्या साडेबावीस टक्क्यांवर, ५२ सेमीच्या पाइपला पावणेबारा सेमीवर, तिथे पाइप हलत नाही, बाकी कुठेही टेकवला तर सूर मरतो. दोन लाकडी पट्ट्या, त्यावर खिडकीला लावायची फोमची पट्टी, एका रविवारचं काम. फक्त जीआय पाइप गॅस कटरने कापू नका आणि त्यावर वेल्डिंग करू नका, जस्ताचा धूर छातीत जातो. आठ नळ्या सुरात कापल्या की मिलिमीटरला सूर किती सरकतो ते हाताला कळतं, आणि मग टाकीला हात घालायला भीती वाटत नाही.

टाकी मिळाली की तिचा व्यास, कापलेल्या कडेवरची जाडी, आणि सोबत काय वाजवणार ते कळवा. तुमच्या जाडीप्रमाणे आठही जिभांची सुरुवातीची लांबी काढून देतो. आणि त्या प्रिंटच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते आकडे लिहून घ्या.